एस्वातिनी : राजाच्या देशातला ऊस

जोहान्सबर्गला कंपनीच्या कामासाठी येऊन मला सात महिने झाले होते. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मुलगी एस्वातिनीची, म्हणजे जुन्या स्वाझीलँडची. एकदा जेवताना ती म्हणाली, "आमच्या गावाकडे आत्ता ऊसतोड सुरू असेल." माझा घास हातातच राहिला. माझे आईवडील बीड जिल्ह्यातले ऊसतोड मजूर. सहा ते दहा वर्षांची होईपर्यंत दर दिवाळीनंतर मी त्यांच्याबरोबर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, राहिले आहे. पुढे हंगामी वसतिगृहात राहून शिकले. ऊस म्हटलं की मला साखर आठवत नाही, पहाटे तीनला पेटलेली चूल आठवते. मी तिला म्हटलं, मला घेऊन चल. ऑगस्टच्या सुरुवातीला आम्ही तिच्या छोट्या गाडीतून निघालो.

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. तिथे बोलण्याची किंमत मोजावी लागते. ती मला सिसी म्हणते, म्हणजे बहीण, मी तिला सिसी म्हणते. इथेही तेच ठेवते.

पहिला दिवस : न्ग्वेन्याचा गेरू

जोहान्सबर्गहून सीमेवरचा ओशूक नाका साधारण साडेतीनशे किलोमीटर. नाक्यापलीकडच्या गावाचं नाव न्ग्वेन्या, म्हणजे मगर. समोरचा डोंगर खरंच पालथ्या मगरीसारखा दिसतो. देश केवढा? १७,३६४ चौरस किलोमीटर, आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा थोडा मोठा. वस्ती बारा लाखांच्या आसपास. आणि आफ्रिकेतली शेवटची निरंकुश राजेशाही इथे आहे. राजा म्स्वाती तिसरे १९८६ पासून गादीवर आहेत. २०१८ साली स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली आणि राजाचीही पन्नाशी आली, तेव्हा एका समारंभात त्यांनी देशाचं नाव बदललं.

डोंगरावर लायन कॅव्हर्न नावाची जागा आहे. चाळीस हजार वर्षांहून आधी माणसांनी इथून लाल दगड खणून नेला, अंगाला आणि भिंतींना लावायला. वाटाड्या घेतल्याशिवाय वर सोडत नाहीत. त्याने एक खडा उचलून माझ्या तळहातावर घासला. लाल, थंड, किंचित चकाकणारा. आपला गेरूच! आजी तुळशीवृंदावनाला लावायची तो. हात धुतला तरी संध्याकाळपर्यंत रेषांमधून रंग गेला नाही.

त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला पाण्याने भरलेला प्रचंड खड्डा आहे. १९६४ ते १९७७ या तेरा वर्षांत इथलं लोखंड खणून रेल्वेने मोझांबिकच्या बंदरावर आणि तिथून जपानला गेलं. ती रेल्वे या देशातली पहिली. ती बांधली गेली खनिजासाठी. गावाहून गावाला जाणारी माणसं आजही कोंबीने, म्हणजे आपल्या वडापसारख्या गाडीनेच जातात.

*व्हिसाचं एक लक्षात ठेवा : दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर एस्वातिनीतून परत येताना अडकाल. गाडी भाड्याची असेल तर सीमा ओलांडायला गाडीवाल्याचं पत्र लागतं. ऑगस्टात राजधानी म्बाबानेच्या बाजूला रात्री चांगलीच थंडी असते, स्वेटर हवाच.*

दुसरा दिवस : म्बाबाने आणि लोबाम्बा

म्बाबानेच्या मुख्य रस्त्याचं नाव ग्वामिले स्ट्रीट. पूर्वी ते ॲलिस्टर मिलर स्ट्रीट होतं. या दोन नावांत या देशाची सगळी गोष्ट आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

१८८० च्या दशकात राजा म्बांड्झेनीकडे गोऱ्यांची रीघ लागली. कुणाला सोनं हवं, कुणाला मेंढ्यांना चराई, कुणाला लाकूड. राजाला लिहिता येत नव्हतं, कागदावर फुली मारायचा. त्याच्या समजुतीप्रमाणे तो जमीन वापरायला देत होता. जमीन विकायची असते हेच त्याच्या रीतीत नव्हतं. १८८९ मध्ये तो वारला तोवर जवळजवळ सगळा देश कागदोपत्री गेलेला होता, तोही एकावर एक, एकाच तुकड्याचे चारचार मालक. राजाचा स्वतःचा महसूल गोळा करायचा हक्कसुद्धा दिला गेला होता. बोअर युद्धानंतर १९०३ पासून ब्रिटिश आले. ते कागद फाडून टाकतील असं लोकांना वाटलं होतं. ब्रिटिशांनी १९०७ साली वाटणीचा हुकूम काढला. स्वाझींना एक तृतीयांशाच्या थोडी वर जमीन, बाकी सगळी गोऱ्या मालकांना आणि ब्रिटिश सरकारला. जे स्वाझी 'गोऱ्यांच्या' जमिनीवर राहत होते त्यांना १९१४ पर्यंत मुदत दिली. त्यानंतर मालकाशी करार करून त्याच्याकडे राबायचं, नाहीतर घर सोडायचं.

ॲलिस्टर मिलर हा त्या गोऱ्या वसाहतवाल्यांचा म्होरक्या. ग्वामिले म्हणजे राणी लाबोट्सिबेनी. नातू तान्हा असल्यामुळे १८९९ ते १९२१ गादी तिने सांभाळली. तिने आपल्या माणसांना सांगितलं, जोहान्सबर्गच्या खाणीत जा, पैसा आणा, जमीन विकत घेऊ. स्वतःचीच जमीन विकत घ्यायची! नातू सोभुझा दुसरे गादीवर आल्यावर लंडनपर्यंत गेले, मिलरविरुद्धचा खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या न्यायालयापर्यंत नेला आणि १९२६ साली हरले. मग पुन्हा लोकांकडूनच पैसा उभा केला, लोकांनी गुरं विकून दिला. त्या निधीचं नाव लिफा. लिफा म्हणजे वारसा.

लोबाम्बाच्या संग्रहालयात जुने फोटो आहेत. खाणीत निघालेल्या तरुणांचा एक फोटो बघत मी बराच वेळ उभी राहिले. खांद्यावर घोंगडी, हातात पत्र्याची पेटी. दिवाळीनंतर आमच्या फाट्यावर ट्रकची वाट बघणाऱ्या माणसांचे चेहरे अगदी असेच असायचे. "माझे पणजोबा असेच गेले," सिसी म्हणाली. "त्यांच्या पैशाने जमीन परत आली. पण ती आली राजाच्या हातात."

बाहेर एझुल्विनीचं खोरं सुंदर आहे. एझुल्विनी म्हणजे स्वर्गातलं ठिकाण. हॉटेलं, गोल्फ, कॅसिनो सगळं इथे एका ओळीत. दुपारी रस्त्याकडेच्या टपरीवर लिफालिशी खाल्लं, म्हणजे पांढऱ्या मक्याचं घट्ट मुटकं, आणि सोबत भोपळ्याच्या पानांची शेंगदाणे घातलेली भाजी. चव थेट आमच्या घरची, फक्त मिरची नाही.

*राजवाडा, पोलीस, सैनिक यांचे फोटो काढू नका, अगदी लांबूनसुद्धा. राजाविषयी हॉटेलात किंवा कोंबीत बोलू नका. तुम्ही परत जाल, ऐकणारा तिथेच राहणार आहे. तिथलं चलन लिलांगेनी आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांचा भाव एकच, रँड सगळीकडे चालतो. पण लिलांगेनी दक्षिण आफ्रिकेत कुणी घेत नाही, तेव्हा निघताना संपवून टाका.*

तिसरा दिवस : मांझिनी, मात्साफा

मांझिनीचा बाजार पहाटेच बघायचा. गावोगावच्या बायका विणलेल्या टोपल्या आणि चटया घेऊन अंधारात उतरतात. एका माकेने (तिथे आईच्या वयाच्या बाईला माके म्हणतात, बापाच्या वयाच्या पुरुषाला बाबे) मला एमाहेवू पाजलं. मक्याची आंबवलेली पातळ पेज, जाड पेल्यातून. आंबील प्यायलेल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

दुपारी चारनंतर मात्साफाला गेलो. ही औद्योगिक वसाहत. तैवानच्या मालकांचे कपड्यांचे कारखाने इथे आहेत, कारण तैवानशी राजनैतिक संबंध राखून असलेला आफ्रिकेतला हा एकमेव देश. पाळी सुटली आणि फाटकातून बायकांचा लोंढा बाहेर पडला. दहा मिनिटं रस्ता दिसेना. डोक्याला रुमाल, कपड्यांवर रंगीत सुताची कुसळं. बऱ्याचजणी तिथेच उभ्या राहून भाजलेलं कणीस घेत होत्या, अर्धं मोडून मैत्रिणीला देत होत्या.

सिसीची मावसबहीण अशाच एका कारखान्यात आहे. तिच्या खोलीवर चहा घेतला. एका ओळीत आठ खोल्या, एक नळ. दोन मुलं गावाकडे आजीजवळ. तिने हाताचं बोट दाखवलं, सुई आरपार गेलेली खूण. कामाबद्दल ती मोकळेपणाने बोलली. संप, कापलेला पगार, सगळं. २०१५ मध्ये अमेरिकेने या देशाच्या मालावरची आयातकराची सवलत काढून घेतली. कारण काय, तर इथलं सरकार संघटनांना आणि बोलण्याला मोकळीक देत नाही. कारखाने बंद पडले आणि नोकऱ्या गेल्या त्या या बायकांच्या. सवलत २०१८ मध्ये परत मिळाली. शिक्षा सरकारला व्हायची होती, भोगली शिलाई मशीनवरच्या बाईने. मला हे ऐकून फार संताप आला, अजूनही येतो.

मग २०२१ चा विषय निघाला आणि तिने उठून दार लावलं. त्या मे महिन्यात कायद्याचा एक विद्यार्थी मरण पावला, त्याच्या मृत्यूचा संशय पोलिसांवर होता. तरुण रस्त्यावर उतरले. पंतप्रधान लोकांनी निवडावा, एवढी मागणी. जूनच्या अखेरीस गोळीबार झाला. देशाच्याच मानवी हक्क आयोगाने पुढे किमान ४६ मृत्यू नोंदवले. लोकांची बाजू घेणाऱ्या दोन खासदारांना २०२४ मध्ये २५ आणि १८ वर्षांची शिक्षा झाली. थुलानी मासेको नावाच्या वकिलांना २०२३ च्या जानेवारीत त्यांच्या घरात गोळ्या घालून मारलं. "आमच्या ओळीतला तिसऱ्या खोलीतला मुलगा अजून लंगडतो," ती म्हणाली. बस, एवढंच. मग तिने पुन्हा चहा ओतला.

चौथा दिवस : सिफोफानेनी आणि बिग बेंड

मांझिनीहून पूर्वेला रस्ता उतरत जातो तशी थंडी संपते. ऑगस्टातही दुपारी अंगातून घाम निघतो. बाभळीसारखी काटेरी झाडं, तपकिरी गवत, हाडं दिसणारी गुरं. आणि लुसुत्फू नदी ओलांडली की एकदम हिरवं. ऊस, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, नजर जाईल तिथवर, थेट लुबोम्बोच्या डोंगरापर्यंत.

मी गाडी थांबवायला सांगितली. पण वास वेगळा होता. इथे तोडीच्या आधी फड पेटवून देतात. पाचट जळून जातं, काळे दांडे उभे राहतात आणि मग माणसं आत शिरतात. आपल्याकडे हिरवा ऊस तोडतात, पाचटाने हात कापतात. इथल्या माणसांच्या नाकाडोळ्यांत काजळी. डोळ्यांचं पांढरं तेवढं चमकत होतं. एकजण बांधाशी बसून पाणी पीत होता. त्याच्या हातातलं पातं आपल्या कोयत्यापेक्षा लांब आणि रुंद, पण मुठीला चिंधी गुंडाळलेली होती, अगदी माझे अण्णा गुंडाळतात तशी, अंगठ्याच्या बाजूला जास्त वेढे देऊन. मी मोबाईलमधला अण्णांचा कोयत्यासकटचा फोटो त्याला दाखवला. त्याने हात पँटला पुसून फोन घेतला, फोटो मोठा केला आणि बोट ठेवलं ते नेमकं त्या चिंधीवर. सिसीने विचारलं, तुम्ही कुठले? तो म्हणाला, दक्षिणेकडच्या शिसेल्वेनीचा, तिकडे पाऊस नाही. मुकादम आहे का, मी विचारलं. सिसीला शब्द सापडेना, पण त्यालाच कळलं. म्हणाला, ठेकेदार आहे.

इथली मोठी साखर दोन घरांची. एका कंपनीत परदेशी भांडवल ६० टक्के आणि टिबियो नावाच्या निधीचे ४० टक्के. दुसरीत टिबियोच सर्वांत मोठा भागीदार. टिबियो टाका न्ग्वाने हा १९६८ साली, स्वातंत्र्याच्याच वर्षी, राजाच्या सनदेने निघालेला निधी. खनिजांचा पैसा त्यात गेला, त्यातून कंपन्यांचे भाग घेतले. कागदावर तो राजाने राष्ट्रासाठी विश्वस्त म्हणून धरलेला आहे. संसदेला त्याचा हिशेब विचारता येत नाही. म्हणजे गोऱ्याचा वाटा थोडा कमी झाला, राजघराण्याचा आत आला, आणि तोडणारा होता तिथेच फडात आहे.

आणि तो गप्प बसला होता असं नाही. मार्च १९६३ मध्ये याच बिग बेंडच्या मजुरांनी संप केला. स्वातंत्र्यानंतर १९७२ च्या निवडणुकीत ऊसपट्ट्यातल्या मतदारसंघातून 'न्ग्वाने नॅशनल लिबरेटरी काँग्रेस' या विरोधी पक्षाचे तीन जण निवडून आले. फक्त तीन. तेवढ्यावरून पुढच्या वर्षी, १२ एप्रिल १९७३ ला, सोभुझांनी घटनाच रद्द केली, पक्षांवर बंदी घातली. २००५ मध्ये नवी घटना आली, तरी निवडणुकीला पक्ष म्हणून आजही उभं राहता येत नाही. मला शाळेत जगाचा इतिहास शिकवला तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं, की ऊसतोड कामगारांच्या तीन जागांना एक राजा एवढा घाबरला होता.

रात्री सिसीच्या आजीकडे, गोगोकडे मुक्काम. सिफोफानेनीजवळ, पत्र्याचं घर, बाजूला गवती गोल झोपडी. ती झोपडी पूर्वजांची, आत चप्पल घालून जायचं नाही. गोगोने आंबट दूध आणि कुटलेली ज्वारी वाढली. ज्वारी! मी तीन वाट्या खाल्ल्या, तिला फार आनंद झाला.

गोगोचं दोन एकरांचं मक्याचं शेत होतं. सरदाराकडे रीतसर मागून मिळालेलं. देशाच्या निम्म्याहून जास्त जमिनीची हीच तऱ्हा. राजा विश्वस्त, सरदार वाटणारा, कसणाऱ्याच्या नावाचा कागद नाही. धरण झालं, कालवा आला, साहेब लोक आले आणि म्हणाले, सगळ्यांची शेतं एक करा, संघ काढा, ऊस लावा. कर्ज काढलं. हप्ता साखर कारखान्यातूनच कापून जातो. वर्षाअखेर उरलंसुरलं वाटतात. "आधी मका माझ्या कणगीत होता," गोगो म्हणाली, "आता मक्याचं पीठ दुकानात आहे."

मी तिला आमच्याकडचं सांगितलं. १९५० साली प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांनीच सहकारी साखर कारखाना काढला, सभासद मत देऊन संचालक निवडतात. गोगो ताठ बसली. "कारखान्याचा मालक मत देऊन निवडायचा?" तिने सिसीकडून दोनदा विचारून घेतलं. मग मला म्हणाली, "तुझ्या बापाने कुणाला मत दिलं?" मला सांगावं लागलं की अण्णा सभासद नव्हते. सभासद व्हायला ऊस लागतो, ऊस लावायला बागायती जमीन लागते. गोगोने मान हलवली आणि चुलीत लाकूड सारलं.

झोपायच्या आधी तिने एक जुनी गोष्ट सांगितली, तिथल्या प्रत्येक लेकराला माहीत असलेली. राजा सोम्हलोलोला स्वप्न पडलं होतं : समुद्राकडून गाईच्या शेपटीसारख्या केसांची माणसं येतील. त्यांच्या एका हातात पुस्तक असेल, दुसऱ्या हातात गोल नाणं. पुस्तक घ्या, नाण्याला हात लावू नका. "पुस्तक आम्ही घेतलं," गोगो म्हणाली. "नाणं मोठ्या घरांनी घेतलं."

*लोव्हेल्डच्या, म्हणजे पूर्वेकडच्या सखल, गरम भागात डासांपासून जपा, मलम आणि लांब बाह्यांचे कपडे न्या. कुणाच्या घरी जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. साखर, चहा, ब्रेड चालतो. वस्तू देताघेताना दोन्ही हात पुढे करायचे. एकाला भेटलात तर 'सावुबोना', अनेकांना 'सानिबोनानी'. शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत, फक्त आधी सांगा.*

पाचवा दिवस : बुलेम्बु

सकाळी लवकर निघून मांझिनी, म्बाबाने, पिग्स पीक असा अख्खा देश चढून उत्तरेला आलो. पिग्स पीकनंतरचा रस्ता कच्चा, लाकडाचे अवजड ट्रक समोरून धूळ उडवत येतात. पाऊस असेल तर छोटी गाडी नेऊ नका.

डोंगराच्या कुशीत बुलेम्बु. १९३९ ते २००१ इथे हॅवलॉक ॲस्बेस्टॉसची खाण चालली. माल वीस किलोमीटर लांबीच्या हवेतल्या दोरमार्गाने डोंगरावरून थेट दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टनला जायचा. मनोरे अजून उभे आहेत. गावाची रचना बघितली की वेगळं काही सांगावं लागत नाही : सर्वांत वर, वारा येतो तिथे, व्यवस्थापकाचा बंगला, खाली गोऱ्या कारागिरांची घरं, आणि पार तळाला मजुरांच्या चाळी, खाणीतल्या राखाडी भुकटीच्या ढिगाऱ्यांच्या जवळ. ढिगारे आज हिरवट-राखाडी टेकड्यांसारखे दिसतात. आमच्या गावच्या शाळेवर ॲस्बेस्टॉसचे सिमेंटचे पत्रे होते, मार्चमध्ये तापायचे. ते कशाचे बनतात हे मला इथे येईपर्यंत कधी सुचलं नव्हतं.

१९६३ च्या मे महिन्यात इथेही संप झाला, तो म्बाबानेपर्यंत पसरला. तो मोडायला ब्रिटिशांनी केनियातून विमानाने गॉर्डन हायलँडर्स पलटण आणली. एवढ्याशा गावासाठी! खाण बंद पडल्यावर दहा हजारांचं गाव ओस पडलं. आता एका धर्मादाय संस्थेने ते चालवायला घेतलंय. अनाथ मुलांची घरं आहेत, मध आणि दूध आहे. व्यवस्थापकाच्या बंगल्यात पाहुणे उतरतात, आम्हीही तिथेच उतरलो. पलंग छान होता. मला झोप लागली नाही. खिडकीतून तळातल्या चाळींचे दोनचार दिवे दिसत होते.

तिथल्या एका म्हाताऱ्या बाबेंनी तीस वर्षं त्या खाणीत काढलेली. दर दोन वाक्यांनंतर थांबून श्वास घेत होते. छातीचा फोटो काढला होता, पुढे काही मिळालं नाही. दोरमार्गाच्या पाळण्यांचा आवाज थांबला तेव्हा गावात कुणालाच झोप येईना, असं म्हणाले.

परतीची सकाळ

बुलेम्बुचा नाका सकाळी आठला उघडतो आणि चारला बंद होतो. पलीकडे बार्बर्टनपर्यंत घाटाचा देखणा डांबरी रस्ता आहे. डोक्यावरून दोरमार्गाचे मनोरे आमच्याबरोबर उतरत होते.

जोहान्सबर्गला पोचल्यावर आईला फोन केला. सगळं सांगितलं, फड पेटवतात, मोळी बांधत नाहीत, मशीनच ऊस उचलतं. आई ऐकत होती. मग म्हणाली, "अन् वाढं? वाढं कुणाला मिळतं गं?" वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गुरांचा चारा. आमच्या घरात मीठमिरची वाढ्याच्या पैशातून यायची. मी हे विचारलंच नव्हतं. सिसीला निरोप पाठवला. रात्री उत्तर आलं : गोगो म्हणते, शेंडे तिथेच फडात टाकून देतात. आमची गुरं कुंपणाबाहेर उभी राहून बघतात.

आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या म्हातारीकडं गुरं किती हायत, इचार."